सुई घेतलेली माणसं

“सुई घेतलेली माणसं कुठं गेली, हर्षला?” डॉक्टर मगदूम सरांनी विचारलं.

मी नमुन्यांच्या नळ्यांवर चिकटपट्ट्या लावत होते. हात न थांबवता म्हटलं, “असतील की सर, घरी. धडधाकट.”

“सगळीच?”

आता मात्र हात थांबला. सर खिडकीपाशी उभे होते. बाहेर विणकरांच्या मंडळाच्या दवाखान्याचा व्हरांडा, व्हरांड्यात लांबलचक बाक आणि बाकावर आमच्या गावाचा नेहमीचा खोकला. पॉवरलूमचं गाव आमचं. सुताची पूड हवेत तरंगते, केसांत बसते, चहात पडते आणि उरलेली छातीत जाऊन मुक्काम करते. इथं नुसत्या खोकल्याची कुणी दखल घेत नाही. त्यात ताप मिसळला, अंग मोडून आलं, की मग माणूस दवाखान्याची पायरी चढतं.

“फ्लूची लस फ्लूलाच अडवते. बाकीच्या तापांशी तिचं देणंघेणं नाही,” सर म्हणाले. “बाकावर बसलेल्यांत काहींना फ्लू असणार, काहींना दुसरंच काहीतरी. दोघांनाही आपण एकच विचारतो, पावसाळ्याआधी सुई घेतली होती का? लस चालत असेल, तर फ्लूवाल्यांत सुई घेतलेले कमी निघायला हवेत आणि दुसऱ्या तापवाल्यांत जास्त. हा फरक जेवढा मोठा, तेवढी लस कामाची. बरोबर?”

“बरोबर.” एवढं मला पाठ होतं. नमुन्यासाठी नाकात काडी फिरवण्याआधी तो प्रश्न विचारणं, हेच माझं काम होतं.

“मग? वैशाखात गौराक्कांनी अख्खी विणकर वसाहत टोचून काढली. पोटुशी बाई सोडली नाही, साठी उलटलेला म्हातारा सोडला नाही. आणि आता आपल्या खोलीत सुई घेतलेलं माणूस औषधाला सापडत नाही. फ्लू झालेलं नाही ते एक वेळ समजतं. पण फ्लू न झालेलंही नाही! त्यांना साधा दुसरा तापसुद्धा येईना? एवढी गुणी लस अजून कुणी काढलेली नाही, बाई.”

मला हसू आलं, पण सर हसत नव्हते.

“दसऱ्यानंतर मंडळाची बैठक आहे. लस चालते का, असं अध्यक्ष विचारणार. मी काय सांगू? माहीत नाही? माहीत नाही म्हटलं की पुढच्या वर्षी बंद. मंडळ आणतंय म्हणून या बायकांना मिळतेय ती.”

माझा हात आपोआप पोटावर गेला. सहावा सरून सातवा लागला होता. आत बाळानं कूस बदलली, जणू त्यालाही हे ऐकायचं होतं. मीही आमच्या नर्स गौराक्कांच्या हातची सुई घेतली होती.

मग कुठं गेलो होतो आम्ही सगळे?

ते मला मालनकाकूंनी सांगितलं. त्याच आठवड्यात एका बाईचा पत्ता शोधत मी वसाहतीतल्या कांडी भरायच्या शेडमध्ये गेले होते. मागाच्या धोट्यात बसणाऱ्या कांड्यांवर सूत भरायचं काम सगळं बायकांचं. मशीनचा खडखडाट एवढा की तिथल्या बायका एकमेकींशी ओठांवरूनच बोलतात. मालनकाकू कोपऱ्यातल्या मशीनवर होत्या. साठी ओलांडलेली, बारकुडी बाई, पण जिभेला धार. आज मात्र डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, डोळे लाल आणि दर दोन कांड्यांनंतर खोकल्याची उबळ.

“काकू, ताप आहे की तुम्हाला!” मी कपाळाला हात लावला. “दवाखान्यात का नाही आलात?”

“आल्तो की परवा.” आमच्याकडच्या बायका ‘आलो, गेलो’ असंच बोलतात. “तुझ्या अक्कानंच घालवलं परत.”

“का?”

“म्हनली, मालन, तू सुई घेतल्याली हाईस, तुला कसला आलाय फ्लू? सुताची धूळ हाय ती, जा घरला. गोळ्या दिल्या, हळद-दूध पी म्हनली. आता एवढी मोठी नर्स सांगतीया म्हंटल्यावर मी काय वाद घालू? बसलो हितं येऊन धूळ खात.”

पलीकडच्या मशीनवरची बाई ओरडून म्हणाली, “माझ्या सासऱ्याला बी तसंच घालवलं!”

मी तिथंच एका सुताच्या पोत्यावर बसले. दवाखान्यात गौराक्का बाकाच्या टोकाला स्टूल टाकून बसायच्या. आत कुणाला पाठवायचं ते त्या ठरवायच्या, आणि नियम साधा होता: आठवड्याच्या आत सुरू झालेला ताप आणि खोकला, दोन्ही असेल तो आत. बाकी काही बघायचं नाही. सुई घेतली की नाही, ते तर मुळीच नाही. ते मी आत विचारायचं, तेही नमुना घ्यायच्या आधी, म्हणजे कुणाचा कल कुठं झुकायला नको. आणि अक्कांना विचारायची गरजच नव्हती. वसाहतीतल्या प्रत्येक दंडावर त्यांनी स्वतःच्या हातानं सुई टोचली होती. चेहरा बघितला की त्यांना कळायचं.

मलमपट्टीच्या खोलीत मी त्यांना गाठलं. त्या बोळे कापत होत्या. पांढरी साडी, पिकलेला अंबाडा आणि नाकावर घसरलेला चष्मा. नोकरी लागल्यापासून या बाईनं मला डब्यातली भाकरी मोडून दिली होती. दिवस गेल्याचं मी नवऱ्याच्या आधी त्यांना सांगितलं होतं.

“अक्का, मालनकाकूंना परत का पाठवलंत?”

“कारण मालनला फ्लू नाही.”

“ते तुम्हाला कसं कळलं?”

“तीस वर्षं छात्या ऐकतेय मी, काल आलेली नाही.”

“आणि त्यांच्या पलीकडच्या मशीनवरच्या बाईचा सासरा? आणि बाकीचे?”

कात्री थांबली. “किती चौकशा करतीस गं! सुई घेतलेल्यांच्या नाकात काड्या घालून काड्या कशाला वाया घालवायच्या?”

“पण त्यांनाच तर मोजायचंय.”

“तू मोज. मी शब्द दिलाय त्यांना.” अक्कांचा आवाज चढला. “दारोदार फिरले मी वैशाखाच्या उन्हात. माझ्या तोंडावर दारं लावली बायकांनी. कोण म्हणालं, पोर पडेल. कोण म्हणालं, अंगातलं रक्त गोठतं. एकेकीला हाताला धरून सांगितलं मी, सुई घे, तुला फ्लू होणार नाही, गौराक्काचा शब्द आहे. आता त्यातल्या कुणाचा कागद फ्लूचा आला, तर पुढच्या वर्षी माझ्यासाठी कोण दार उघडेल? तू? की तुझे सर?”

“म्हणून त्यांना मोजायचंच नाही?”

“मी खोटं काही लिहिलेलं नाही, हर्षला.”

“नाही लिहिलंत. माणसंच आत सोडली नाहीत.”

त्यांनी कात्री ट्रेमध्ये टाकली. एवढा आवाज कात्रीचा होत नाही. “सरांना सांगायचंय? जा, सांग.”

मी सरांकडं गेले नाही. जाता जाता दारात थांबून म्हटलं, “तुम्हीच सांगा, अक्का.” त्या पुन्हा बोळे कापायला लागल्या.

त्यानंतर दोनच दिवसांनी सकाळी उठले तर अंगात कणकण. घसा खवखवत होता. चुलीपुढं बसले तोवर खोकल्यानं फासळ्या धरल्या. थर्मामीटर लावायची गरज नव्हती, पदर अंगाला लागला तरी दुखत होतं. नवरा म्हणाला, रजा टाक. मी अंघोळ न करताच साडी बदलली आणि दवाखान्यात गेले.

व्हरांड्यात अक्कांनी मला पाहिलं आणि त्या स्टुलावरून उठल्याच. “अगं, काय झालं हे तोंड? ताप आहे? चल, आत झोप. नको, घरीच जा. रिक्षा बोलावते. दुपारी पेज घेऊन येते मी.”

मी नाकातोंडावर रुमाल बांधला आणि बाकाच्या कडेला, सगळ्या पेशंटांच्या शेवटी, जाऊन बसले.

“तिथं काय बसतीस?”

“नंबरासाठी.”

“वेडी आहेस का? तुझा कसला नंबर?”

“ताप आहे, अक्का. आज सकाळपासून. खोकला आहे. नियमात बसते मी.”

बाकावरचा खोकला एकदम थांबल्यासारखा झाला. सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. अक्का माझ्याजवळ वाकल्या, आवाज अगदी खाली आणला. “हर्षा, ऐक. सातवा महिना आहे तुझा. औषध आत्ता सुरू करू, त्याला कशाला पाहिजे काडी? तू सुई घेतलेली आहेस. सगळ्या वसाहतीला माहीत आहे. तू माझ्या हातची सुई घेतलीस म्हणून शेजारच्या चार पोरींनी घेतली. तुझाच कागद फ्लूचा आला तर?”

“आला तर आला.”

“हट्ट आहे हा.”

“हो.”

“उठ म्हणते ना!”

“नाही उठणार.” मी बाकाची कड घट्ट धरली. “तुम्ही मला परत पाठवलंत ना अक्का, तर मी उद्या येईन. उद्या पाठवलंत तर परवा येईन. ताप उतरेपर्यंत इथंच बसेन. मला मोजलंच पाहिजे.”

तेवढ्यात बाकाच्या मधूनच एक खणखणीत आवाज आला. “मग मी बी बसनार!”

मालनकाकू. पदरात तोंड घालून कधी येऊन बसल्या होत्या, मी पाहिलंच नव्हतं.

“मालन, तुला सांगितलंय ना मी...”

“सांगितलंसा की, अक्का. धूळ हाय म्हनून. आवं, हळद-दूध पिऊन पिऊन पोट पिवळं व्हायची येळ आली, धूळ काय निघंना. ही पोटुशी पोरगी बसती आन् मला काय काटं टोचत्यात व्हय बाकाला? घाला माझ्या बी नाकात काय घालायचं त्ये!”

कुणीतरी फिसकन हसलं. अक्कांचा चेहरा मात्र उतरला. आवाज ऐकून मगदूम सर बाहेर आले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, अक्कांकडं पाहिलं. त्यांना किती समजलं, कुणास ठाऊक.

“हर्षला, तू स्टाफ आहेस. तुझा नमुना नाही घेतला तरी चालेल,” ते म्हणाले.

“नियमात स्टाफ वगळायचा असं कुठं आहे, सर? याच वसाहतीत राहते मी.”

सरांनी खोलीचं दार उघडून धरलं. मग म्हणाले, “नाही. तसं कुठं नाही. चल आत. तुझे प्रश्न मी विचारतो.”

त्यांनी रीतीप्रमाणे सगळं विचारलं, नाव, वय, ताप कधीपासून. मग, “पावसाळ्याआधी फ्लूची लस घेतली होती का?”

“घेतली होती,” मी म्हटलं. इतकी माणसं माझ्यासमोर या खुर्चीत बसली होती. ही खुर्ची इतकी एकटी असते हे मला त्या दिवशी समजलं.

काडी नाकात खोल गेली. डोळ्यांतून पाणी आलं. रिपोर्टची वाट न बघता सरांनी फ्लूच्या गोळ्या सुरू केल्या, पोटुश्या बाईच्या बाबतीत थांबायचं नसतं म्हणाले. बाळाचे ठोके ऐकवले. टप टप टप टप, कांडी मशीनपेक्षाही जोरात. मग मी घरी गेले आणि जी पडले ती पडलेच.

माझा रिपोर्ट फ्लूचा आला.

बातमी माझ्याआधी वसाहतीत पोचली. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. “बघितलंस? दवाखान्यातलीलाच झाला!” “मग सुईचा काय उपेग?” “मी म्हनलं नव्हतं?” अंगात इतका ताप असायचा की शब्द पुढं-मागं व्हायचे. मी कुशीवर वळून पोटाशी बोलत राहायचे. काही होत नाही हं, राजा. आई आहे. तपासून घ्यायचा हट्ट आईनं मुद्दाम केलाय, पण तुझ्यावर काही नाही येऊ देणार. पोटातून एखादी लाथ आली की मी तेवढ्यापुरती झोपायचे. लाथ यायला उशीर झाला की डोळा मिटायचा नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. गौराक्का होत्या. हातात पेजेचा डबा, तोंडाला मास्क. त्यांनी न बोलता डबा उघडला, मला उशीला टेकून बसवलं आणि चमच्यानं भरवायला लागल्या. चार घास गेले.

“मालनचा आला,” त्या म्हणाल्या.

“काय आला?”

“फ्लू नाही. दुसराच कुठलातरी विषाणू आहे म्हणे.” चमचा डब्यावर टेकवला. “मी म्हटलंच होतं.”

“म्हटलं होतंत.”

“पण तू मोडलास माझा शब्द. सगळ्या वसाहतीसमोर.”

मला बोलायला दम पुरत नव्हता, पण हे बोलायचंच होतं. “अक्का, तो शब्द तुम्ही द्यायला नको होता. होणारच नाही, असं कुठली सुई म्हणते?”

“मग काय म्हणायला पाहिजे होतं? होईलही, नाहीही, तरी घे? अशानं दार उघडलं असतं कुणी?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही!” त्या उसळल्या. मग एकदम त्यांचा आवाज बसला. “तुला माहीत नाही, कारण तू नव्हतीस त्या साली. नव्या फ्लूची साथ पहिल्यांदा आली तेव्हा तिच्यावर लस नव्हती. माझ्या वॉर्डात एक पोरगी होती. नववा महिना. तुझ्याएवढीच. मला म्हणायची, अक्का, बाळंतपणाला तुम्हीच पाहिजे. मी म्हटलं, मीच येणार. तापानं आली आणि चौथ्या दिवशी...” त्यांनी पदरानं डोळे पुसले. “पोर पण नाही राहिलं. लस आली तेव्हा मी ठरवलं, माझ्या वस्तीत एक पोटुशी बाई बिनसुईची ठेवायची नाही. त्यासाठी जे बोलावं लागलं ते बोलले. आता तू म्हणतेस, शब्द द्यायला नको होता.”

मी त्यांचा हात धरला. पेजेचा चिकट हात. बराच वेळ तसाच धरून ठेवला.

“मालनकाकूंना ताप होता, खोकला होता, सुई घेतलेली होती आणि फ्लू नाही निघाला,” मी हळूहळू म्हटलं. “तुमच्या सुईची साक्ष आहे ती बाई. तिच्यासारख्या अजून असतील. तुम्ही त्यांनाच घरी पाठवत होतात. मग तुमच्या बाजूनं बोलायला राहिलं कोण?”

अक्कांनी हात सोडवून पुन्हा चमचा उचलला.

“मला झाला, तो माझा मोजा. तिला नाही झाला, तो तिचा मोजा. दोन्ही मोजल्याशिवाय कुणाला काय कळणार? फक्त चांगलं सांगून वाचवलेली लस एका वर्षात मरेल, अक्का.”

त्यांनी उरलेली पेज भरवली. डबा रिकामा केला, विसळला. जाताना माझ्या पोटावर हात ठेवून उभ्या राहिल्या. बाळानं ऐन वेळी लाथ मारली. अक्का म्हणाल्या, “आईवर गेलंय,” आणि निघून गेल्या.

आठवड्यानं मी कामावर आले तेव्हा अक्का स्टुलावरच बसल्या होत्या. सरांना त्यांनी सगळं स्वतःच सांगून टाकलं होतं. सर चिडले होते, मग शांत झाले होते, आणि मी बाकावर बसले त्या दिवसाच्या आधीचे आठवडे हिशेबातून बाजूला ठेवून तसं स्पष्ट सांगायचं ठरवलं होतं. एवढंच मला समजलं. मी वसाहतीत जाऊन सुई घेतलेल्यांना बोलावून आणते म्हटलं, तेव्हा सर पटकन म्हणाले, “फक्त सुई घेतलेल्यांना आणलंस तर तीही अक्कांचीच चूक, उलट्या बाजूनं. बोलवायचं तर सगळ्यांना बोलव.”

मग मी कांडीच्या शेडमध्ये मशीनच्या खडखडाटावरून ओरडून सांगितलं, “ताप आणि खोकला असेल तर या. सुई घेतलेली असो, नसो!”

“आन् तुझ्यासारका फ्लू निघाला तर?” कुणीतरी विचारलं.

“तर औषध घ्या आणि माझ्यासारख्या मोजल्या जा.”

मालनकाकू मशीन थांबवून उभ्या राहिल्या. “माझा न्हाई निघाला, म्हाईत हाय न्हवं? हिचा निघाला! शिकल्याली असून!” सगळी शेड हसली. त्यानंतर सुई घेतलेली माणसंही बाकावर दिसू लागली. अक्का प्रत्येकाला तेवढेच दोन प्रश्न विचारायच्या, ताप आहे का, खोकला आहे का, आणि आत पाठवायच्या. ओळखीचा दंड आत जाताना त्यांचा जीव टांगणीला लागायचा, ते मला खोलीतूनसुद्धा दिसायचं. पण एकालाही त्यांनी परत पाठवलं नाही.

बैठक झाली तेव्हा माझे दिवस भरत आले होते. अध्यक्षांच्या केबिनमधल्या खुर्चीत मी कशीबशी मावले. सरांनी सगळं मांडलं. मध्येच झालेली चूक सांगितली, नाव न घेता. अक्का म्हणाल्या, “ती माझी चूक,” आणि सर पुढं बोलू लागले. या हंगामात या वस्तीत लसीनं फ्लूचा धोका साधारण निम्म्यावर आणला असावा, ते म्हणाले. माणसं थोडी आहेत, त्यामुळं आकडा थोडा खालीवर असू शकतो. पण लस काहीच करत नाही, असं दिसत नाही.

“निम्माच?” अध्यक्ष खुर्चीत मागं रेलले. “एवढा खटाटोप करून निम्मा? आणि स्टाफमधल्या बाईला झाला ते वेगळंच. तिला तरी यातून काढा हो. बरं दिसत नाही.”

“मला काढायचं नाही,” मी म्हटलं.

“ताई, तुमच्याच भल्याचं...”

“हिला काढलंत, तर मालनला पण काढा,” गौराक्का म्हणाल्या. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. “आणि मी टोचलेल्या प्रत्येकाला काढा. मग आकडा कुणाचा दाखवणार?” त्या टेबलापाशी गेल्या. “साहेब, तुम्ही निम्म्याला नाक मुरडता. त्या साली माझ्या वॉर्डातली पोरगी गेली तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. रिकामे हात होते. मला कुणी निम्मी आशा दिली असती ना, मी ती दोन्ही हातांनी घेतली असती.”

अध्यक्षांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाले, “एक वर्ष अजून बघू. पण आकडा असाच खरा पाहिजे.”

“असाच मिळेल,” अक्का म्हणाल्या.

पुढच्या वैशाखात आम्ही दोघी पुन्हा वसाहतीत गेलो. अक्कांच्या खांद्याला लसीचा डबा, माझ्या कडेवर सहा महिन्यांची ईरा. ती हाताला येईल ते तोंडात घालायची, त्या वेळी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र तिच्या तोंडात होतं. शेडच्या दारात एक नवी सून उभी होती. राज्याच्या सीमेपलीकडच्या गावातून नुकती लग्न होऊन आलेली, चौथा महिना, तोंडावर भीती.

“सुई घेतली की फ्लू होत न्हाई न्हवं?” तिनं विचारलं.

गेल्या वर्षी या प्रश्नाला अक्कांकडं एकच उत्तर होतं.

“होऊ शकतो,” गौराक्का म्हणाल्या. “गेल्या साली आमच्याकडं जिथं दहा बायका पडल्या असत्या, तिथं सुई घेतलेल्यांतल्या पाच-सहा पडल्या असाव्यात. तू वाचशील का पडशील, ते मला आज सांगता येत नाही. दंड दोन दिवस दुखेल, तेही सांगते. माझ्या घरातली पोरगी असती तर मी तिला टोचली असती. आता तू ठरव.”

मुलगी गोंधळली. असं कुणी तिला सांगितलं नसावं. “पडलेल्यांतली कोन हाय हितं?”

अक्कांनी हनुवटीनं माझ्याकडं खूण केली.

ती माझ्याजवळ आली. “लई तरास झाला?”

“झाला.”

“आन् बाळाला?”

मी ईराला तिच्याकडं वळवलं. ईरानं ओळखपत्र तोंडातून काढलं, त्या मुलीकडं निरखून पाहिलं आणि लाळेनं भिजलेला हात तिच्या गालावर ठेवला. ती मुलगी पहिल्यांदाच हसली. मग पुन्हा गंभीर झाली, दाराकडं पाहून म्हणाली, “मी एकली न्हाई ठरवू शकत. सासू नको म्हनते. उद्या तिला घिऊन येते.”

गेल्या वर्षीच्या अक्कांनी तिचा हात धरून ठेवला असता, सासूला मी बघते, तू बाही वर कर म्हटलं असतं. आताच्या अक्कांनी डब्याचा पट्टा खांद्यावर सरकवला.

“आण,” त्या म्हणाल्या. “तिलाही हेच सांगणार आहे. यातला एक शब्द कमी करणार नाही, जास्तही नाही.”